कानाला खडा!

१४,५०० रुपयांची वायर. लांबी एक मीटर. हे वाक्य मी घरात वर्षभर उच्चारलं नव्हतं.

आईला ‘दोन हजार’ सांगितलं होतं. त्या दोन हजारांवरच तिनं ‘सोन्याची आहे का?’ असं विचारलं होतं. टोकांना खरंच सोन्याचा मुलामा होता, पण ते सांगण्यात काही अर्थ नव्हता. १४,५०० म्हणजे माझ्यासारख्या फ्रीलान्सरचे साधारण दहा लेख. दहा लेख लिहून मी एक वायर घेतली होती, आणि ती डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जात होती. बास, एवढंच तिचं काम.

तुमच्या ऑफिसातही असा एक नग असेलच. टीम पार्टीत कुणी ब्लूटूथ स्पीकर काढला की ज्याचं तोंड कडू होतं. ‘एमपीथ्री? सीरियसली?’ असं जो विचारतो. गाणं कुठलं चाललंय यापेक्षा ते कशावर चाललंय यात ज्याला जास्त इंटरेस्ट असतो. तर मंडळी, आमच्या नाशिकच्या ग्रुपमधला तो नग म्हणजे मी.

सुरुवात झाली २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. आधी बरे हेडफोन आले. मग कळलं की हेडफोनला डॅक लागतो, म्हणजे लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारा डबा. मग स्पीकर. मग ईएमआयवर ४२ हजारांचा अ‍ॅम्प. या आजारात पैसे संपतात, यादी संपत नाही. ‘आता फक्त ही एक वायर बदल, बघ काय खुलतं ते!’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. मला दुकानदार भेटला. वर तो म्हणाला, ‘लगेच फरक नाही कळला तर घाबरू नका. दोनशे तास वाजू द्या, मग वायर खुलते.’

आता जरा गणित बघा. परत करायची मुदत होती सात दिवस. सात दिवसांचे तास होतात १६८. रात्रंदिवस वाजवली तरी वायर खुलायच्या आत मुदत संपणार! हे गणित मला सुचलं, पण वर्षभरानंतर.

तेव्हा तशी गरजच पडली नव्हती. मला पहिल्याच रात्री फरक ऐकू आला. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला होता. तानपुऱ्याची जवारी अशी वेगळी, सुटी, मोकळी ऐकू आली की अंगावर काटा आला. बास आवरता झाला, सूर स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. मी बाबांना हाक मारली. त्यांना आधी जुनी वायर ऐकवली, मग नवी.

बाबा दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, ‘मला तर दोन्ही सारखंच वाटतंय रे.’

‘बाबा, तुमचे कान आता साठीचे झालेत,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला नाही कळायचं ते.’

वयानुसार वरच्या पट्टीतला आवाज कमी ऐकू येतो, हे खरंच आहे. वाक्य शास्त्राला धरून होतं. म्हणूनच ते जास्त लागलं असणार. बाबा ‘बरं’ म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

बाबांचा डबा

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा ४२ हजारांचा अ‍ॅम्प ज्या जागी बसला, तिथे आधी बाबांचा अ‍ॅम्प होता. बाबांनी स्वतः बनवलेला. सातपूरच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. १९८९ साली सुट्टीच्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर पार्ट्स घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत यायचं, असं करत करत त्यांनी तो जोडला. त्या काळी हौशी लोकांच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये असायचे तेच टू-एन-थ्री-झिरो-डबल-फाइव्ह ट्रान्झिस्टर, जाडजूड ट्रान्सफॉर्मर, आणि सुताराकडून करून घेतलेला सागवानी डबा. आमच्या घरातली प्रत्येक दिवाळी पहाट त्याच्यावर उजाडली.

नवा अ‍ॅम्प आल्यावर मी म्हणालो, ‘बाबा, हा आता फक्त जागा अडवतोय.’ ते काही बोलले नाहीत. रविवारी भंगारवाला आला. ट्रान्सफॉर्मरमुळे वजन चांगलं भरलं. सव्वासहाशे रुपये मिळाले.

ताईची एन्ट्री

गेल्या भाऊबीजेला ताई पुण्याहून आली. ती क्लिनिकल ट्रायल्सचा डेटा तपासायचं काम करते. म्हणजे औषधानं खरंच गुण आला, की ‘औषध घेतलंय’ या विश्वासानं आला, हे आकड्यांवरून ओळखायचं. अशा माणसासमोर आपली वायर मिरवू नये. मी मिरवली. किंमतही बोलून गेलो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘ऐकव,’ ताई म्हणाली. ‘पण वायर मी बदलणार. तू नुसतं ऐकायचं आणि वर्णन करायचं.’

तिनं सिस्टिमवर चादर टाकली. ‘ही जुनी,’ म्हणून गाणं लावलं. चादरीखाली खुडबुड केली आणि ‘आता नवी’ म्हणून तेच गाणं पुन्हा लावलं. मी सुटलोच. जवारी, मोकळेपणा, आवरता बास... माझं सगळं ऐकून घेऊन ताईनं चादर उचलली. दोन्ही वेळा २५० रुपयांची जुनीच वायर होती. तिनं काहीही बदललं नव्हतं.

मी चिडलो. ‘ही चीटिंग आहे. नीट टेस्ट घे!’

‘घेऊ की,’ ती म्हणाली. ‘नारळीकरांनी ज्योतिषांची घेतली तशी घेऊ.’

ती टेस्ट तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कारण ती अस्सल आपल्या मातीतली आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आव्हान दिलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यातली १०० मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, १०० बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या द्यायच्या आणि त्यानं ओळखायचं, कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. एका संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या घेतल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी ५०च्या आसपास आली असती! ‘करंट सायन्स’मध्ये २००९ साली हे सगळं छापूनही आलं.

‘ते ज्योतिषी खोटारडे होते असं नाही,’ ताई म्हणाली. ‘त्यांचा स्वतःवर विश्वास होताच. आधी उत्तर माहीत असलं की कुंडलीत कारण सापडतं. तुझं तेच होतंय. वायरची किंमत माहीत आहे, म्हणून गाण्यात कारण सापडतंय.’

मग नियम ठरले. १६ फेऱ्या. प्रत्येक फेरीआधी ताई नाणं उडवणार. छापा आला तर महागडी वायर, काटा आला तर जुनी. तिच्या वहीत नोंद. वायर लावून ती आतल्या खोलीत जाणार, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळायला नको. माझी उत्तरं आई दुसऱ्या वहीत लिहिणार, तिला कुठली वायर लावलीय ते माहीत नसणार. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. गाणी मी निवडायची आणि हवा तेवढा वेळ घ्यायचा. १६पैकी १२ किंवा त्याहून जास्त आली तर मी जिंकलो, कारण निव्वळ नशिबानं तेवढी बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.

दोन तास चाललं. सहाव्या फेरीला मला भीती वाटायला लागली. नाव माहीत नसताना दोन्ही वायरींचा आवाज... सारखाच येत होता. मी जवारी शोधत होतो आणि ती प्रत्येक वेळी तिथेच होती.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. १६पैकी ७.

आईनं वही मिटली आणि विचारलं, ‘म्हणजे साडेचौदा हजार गेले?’

कान नव्हे, मन

मला हरण्याचं दुःख नव्हतं... बरं, होतं. पण खरा धक्का वेगळा होता. पहिल्या रात्री मी नाटक करत नव्हतो. जवारी मला खरंच सुटी ऐकू आली होती, काटा खरंच आला होता. मग तो कशाचा होता?

थोडं वाचलं तेव्हा कळलं की यात आपण एकटे नाही. आपण ऐकतो ते फक्त कानानं नाही. मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो आणि कान आणतो ती बातमी त्या अंदाजात बसवतो. शिवाय नव्या वायरवर गाणं लावतो तेव्हा आपण जीव ओतून ऐकतो. आजवर सुटलेले बारकावे लक्षात येतात. बदलतं आपलं लक्ष, क्रेडिट जातं वायरला! हा झाला प्लासिबोचा भाग. आणि मग पुढचं वर्षभर आपण नेमकी तीच गाणी लावतो, ज्यांत हा ‘फरक’ कळतो. ज्याला फरक कळत नाही त्याचे कान खराब ठरवतो. याला म्हणतात कन्फर्मेशन बायस. मी तर तो बाबांवरच चालवला होता.

आपण नाशिककरांना हे वाइनवरून चटकन पटेल. २००१मध्ये बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशे यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला. पोरांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८मध्ये कॅलिफोर्नियात एकच वाइन दोन किमती सांगून पाजली, एकदा १० डॉलर आणि एकदा ९०. ९० डॉलरवाली लोकांना जास्त आवडली. इतकंच नाही, तर मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी जोडलेला भागही जास्त उजळला. म्हणजे सुख खरं होतं, फक्त ते बाटलीतून आलेलं नव्हतं.

ऑडिओतही असंच. २००७ साली बोस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन ऑडिओ आणि तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून, असं दोन्ही लोकांना ऐकवलं. ५५४ वेळा. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे पुन्हा नाणंच. २०१६मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के. खास सराव केलेल्यांची जास्त. म्हणजे तिथे फरक अगदी शून्य नसेलही. पण ‘पहिल्याच सुराला कळतं’ म्हणणाऱ्यांना पुरेल इतका तो नक्कीच नाही.

आणि सगळ्यात मजेशीर किस्सा २०२२चा. ‘डिजिटलमध्ये ती ऊब नाही’ म्हणणारे शौकीन अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड्सना डोक्यावर घ्यायचे. त्या वर्षी उघड झालं की त्यातल्या अनेक रेकॉर्ड्स बनवताना मध्ये एक डिजिटल टप्पा होता, आणि हे २०११पासून चालू होतं. अकरा वर्षं ऊब ऐकू येत होती!

याचा अर्थ सगळंच थोतांड असा नाही. स्पीकरमध्ये फरक असतो, आणि तो दणदणीत असतो. खोलीमुळे फरक पडतो. आमच्या फरशीच्या हॉलमध्ये मी सतरंजी घातली आणि मागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली, तेव्हा टाळी वाजवली की घुमणारा आवाज ताईलाही कमी वाटला. स्पीकरपर्यंत जाणारी लांबच लांब वायर फारच बारीक असेल तर तिचाही परिणाम होतो. पण डॅक आणि अ‍ॅम्पमधल्या मीटरभर वायरमुळे जे काही अडतं, ते माणसाला ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झच्या कित्येक पट वर. तिथे फार तर वटवाघळं ऐकतात, आणि त्यांनाही २५० रुपयांची वायर पुरेल.

बाबा काय म्हणाले?

या सगळ्या वेळात बाबा खुर्चीत बसून होते. ‘मी म्हटलं होतं ना’ असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, ‘तो डबा ठेवायला हवा होता. आज लावून बघितला असता.’

मला काहीच बोलता येईना. कारण खरी घ्यायला हवी होती ती टेस्ट हीच होती. माझा ४२ हजारांचा अ‍ॅम्प विरुद्ध बाबांचा १९८९चा. मी ती न घेताच निकाल लावला होता, आणि आता ती घेता येणार नव्हती. वायरचे पैसे परत मिळवता आले असते. तो डबा किलोवर गेला होता.

वायर मी विकायला काढली. इंदिरानगरहून एक जण आला. मनात कालवाकालव होत होती, म्हणून त्याला सगळं खरं सांगितलं. चादर, नाणं, १६पैकी ७. तो समजूतदारपणे हसला. ‘तुमची सिस्टिम तेवढी रिव्हिलिंग नसेल,’ म्हणाला आणि नऊ हजार देऊन गेला. मला त्याचं हसू आलं नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणालो असतो, अगदी याच सुरात.

त्या नऊ हजारांचं काय करायचं, हे मी बाबांना विचारलं नाही. पंचवटीची दोन तिकिटं काढली.

लॅमिंग्टन रोडवर बाबांना सगळं आठवत होतं. दुकानं बदलली होती, पण ते ट्रान्झिस्टर अजून मिळतात. ट्रान्सफॉर्मर इथेच नाशिकमध्ये वाइंडिंगवाल्याकडून करून घेतला. मग सहा रविवार गॅलरीत सोल्डरिंग. मी धरायचो, बाबा डाग द्यायचे. त्यांचा हात अजून स्थिर आहे, हे मला तेव्हा कळलं.

सातव्या रविवारी अ‍ॅम्प वाजला. मी म्हणालो, ‘बाबा, काय सुंदर वाजतोय!’

‘थांब,’ बाबा म्हणाले. ‘आपण बनवलाय म्हणून सुंदर वाटतोय. ताईला बोलाव. चादर काढ.’

या वेळी बाबांनी आणखी एक गोष्ट केली. मल्टिमीटर लावून दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज बरोबर सारखा केला. जरासा जास्त मोठा आवाज माणसाला ‘मोठा’ नाही, ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानातल्या डेमोत ही काळजी कुणी घेतली होती का, हे मी आता स्वतःलाच विचारतो. दोन अ‍ॅम्पमध्ये अदलाबदल करायला बाबांनी प्लॅस्टिकच्या डब्यात एक स्विच बसवला होता. ताई नाणं उडवायला, आई वही घेऊन तयार.

१६पैकी १६!

मी ओशाळलो. बाबांचा अ‍ॅम्प प्रत्येक वेळी ओळखू येत होता. दोन सुरांच्या मधल्या शांततेत एक बारीक घुं... घुं आवाज. सांगू की नको?

‘भुंगा आहे ना?’ बाबांनीच विचारलं. त्यांचा चेहरा खुलला होता. ‘म्हणजे फरक असला की कळतो! मग ही टेस्ट कामाची आहे.’ आणि ते सोल्डरिंग गन घेऊन उठलेसुद्धा. अर्थिंगच्या वायरी जागोजाग जोडल्या होत्या, त्या त्यांनी सोडवून एकाच बिंदूवर आणल्या. जेवणं झाल्यावर पुन्हा १६ फेऱ्या.

या वेळी माझी ९ बरोबर आली. निव्वळ नाणं. निदान आमच्या हॉलमध्ये, आमच्या आवाजाला, ४२ हजारांच्या अ‍ॅम्पमध्ये आणि बाबांच्या अ‍ॅम्पमध्ये मला फरक सांगता येत नाही.

यापुढे पैसे खर्च करण्याआधी चादर टाकायची, नाणं उडवायचं आणि मगच कार्ड काढायचं, असा मी कानाला खडा लावलाय. हेडफोन असोत, कॉफी असो, नाहीतर शाम्पू. ऑफिसात एकदा करून बघा, धमाल येते. आणि घरातलं कुणी ‘मला सारखंच वाटतंय’ म्हणालं, तर त्याचं वय काढण्याआधी जरा थांबा.

बाबांनी दोन्ही वह्या जपून ठेवल्यात. परवा ते त्यातला ९चा आकडा बघत बसले होते. मी विचारलं, ‘काय बघताय?’

‘काही नाही,’ म्हणाले. ‘आता तू अजून एक ४२ हजारांचा घ्यायचास, तर मी तुला आठात करून देईन.’